म्हातारी चिमणी कुणी पाहिली आहे?

"म्हातारी चिमणी कधी पाहिली आहेस का रे?"

रक्तदाब मोजून झाल्यावर मी यंत्राचा पट्टा गुंडाळत होतो, तेव्हा बाईंनी हा प्रश्न विचारला. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वय वर्षे ७६. मुलगा बंगळुरूला, यजमान जाऊन नऊ वर्षे झालेली. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन रक्तदाब पाहण्याचा माझा शिरस्ता आहे. त्यांच्या गॅलरीत मातीच्या परळात पाणी आणि एका ताटलीत बाजरी ठेवलेली असते. सकाळच्या वेळी तेथे पंधरा-वीस चिमण्यांचा गलबला चालू असतो. "मी रोज बघते," बाई म्हणाल्या, "पिल्लू ओळखू येतं, नर-मादी ओळखू येतात. पण वाकलेली, पाय ओढत चालणारी अशी एकही दिसत नाही. माणसाला मात्र सत्तरीतच सगळं जडतं. हा हिशेब कसा मांडलाय देवानं?"

मी हसून वेळ मारून नेली. परंतु त्यानंतर तीन आठवड्यांनी जे घडले, त्यामुळे तो प्रश्न मला टाळता येईना. वाचकहो, मी पक्षितज्ज्ञ नव्हे. पंचवीसहून अधिक वर्षे एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरीही वाचून, विचारून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावेसे वाटते. कारण त्याचा संबंध चिमण्यांपेक्षा आपल्या घरातील आजी-आजोबांशी अधिक आहे.

बाईंचे निरीक्षण अगदी अचूक होते. पूर्ण वाढ झालेला पक्षी तीन वर्षांचा आहे की दहा वर्षांचा, हे बहुतेक जातींत नुसते पाहून जाणकारालाही सांगता येत नाही. पक्ष्याचे वय त्याच्या चेहऱ्यावर नसते, ते पायातल्या कड्यावरून कळते. संशोधक पक्षी पकडून त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे अडकवतात व त्याला सोडून देतात. पुढे कधी तो पुन्हा सापडला की जुन्या नोंदींवरून वयाचा हिशेब होतो. १९५६ साली चँडलर रॉबिन्स या अमेरिकी पक्षितज्ज्ञांनी पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटावर अल्बट्रॉस पक्ष्याच्या एका मादीला असे कडे घातले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. २००२ साली ते पुन्हा त्याच बेटावर गेले आणि त्यांनी पकडलेल्या एका मादीचा क्रमांक मागे मागे शोधत नेला, तेव्हा ती तीच निघाली! रॉबिन्स आता चौऱ्याऐंशीच्या आसपास होते. ते २०१७ साली निवर्तले. ती मादी मात्र त्यानंतरही बेटावर येत राहिली. तिचे नाव 'विज्डम'. २०२४ च्या अखेरीस तिने अंडे घातले व त्यातून पिल्लूही बाहेर आले. तेव्हा तिचे वय ७४ च्या घरात होते, असे मानले जाते. आमच्या बाईंच्या जवळपास म्हणायचे.

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जॉर्ज डनेट नावाचे प्राध्यापक फुलमार या समुद्रपक्ष्याचा असाच अभ्यास करीत. त्यांची दोन छायाचित्रे वार्धक्यशास्त्राच्या वर्तुळात प्रसिद्ध आहेत. १९५१ सालच्या पहिल्या छायाचित्रात तरुण डनेट हातात फुलमार घेऊन उभे आहेत. सुमारे पस्तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्यात तेच डनेट व तोच पक्षी. माणसावरून काळ सरकून गेलेला स्पष्ट दिसतो. पक्षी मात्र जणू काल टिपल्यासारखा!

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला यात चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट असते; आपल्याला एवढा ताप असता तर घरची मंडळी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवीत बसली असती. कोंबडी किंवा कबूतर यांच्या रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असणे ही त्यांची नित्याची स्थिती. ज्या दोन गोष्टींनी आपले शरीर झिजते असे आम्ही शिकलो, त्या दोन्ही घेऊन पक्षी निवांत जगतो. प्रयोगशाळेतला मोठा उंदीर आणि कबूतर यांचे वजन जवळजवळ सारखे. परंतु उंदीर तीन-चार वर्षांत संपतो आणि पाळलेले कबूतर पस्तिशीपर्यंत जगल्याची नोंद आहे. (ही साखरेची गोष्ट मी दवाखान्यात एकदा सांगितली, तेव्हा एक मधुमेही गृहस्थ उत्साहाने म्हणाले, "म्हणजे दोनशे चालते तर!" चालत नाही. आपण कबूतर नाही.)

असे का, याचे एक उत्तर पेशींत आहे. अन्नापासून ऊर्जा तयार करताना पेशीतील मायटोकॉन्ड्रिया नावाच्या ऊर्जाकेंद्रांतून प्राणवायूचे काही विघातक कण निसटतात व आसपासच्या भागांची झीज करतात. कबुतराच्या पेशींत उंदराच्या मानाने ही गळती बरीच कमी आढळली आहे. दुसरे उत्तर उत्क्रांतीचे. जमिनीवरचा उंदीर आज ना उद्या मांजराच्या वा सापाच्या तोंडी जाणारच. त्याचे शरीर वीस वर्षे टिकेल असे घडविण्यात निसर्गाचा काही लाभ नाही. उडणारा जीव संकटातून निसटू शकतो, म्हणून त्याच्याबाबत टिकाऊपणा फायद्याचा ठरतो. वटवाघळे पक्षी नव्हेत, सस्तन प्राणी आहेत; पण तीही उडतात आणि तीही दीर्घायुषी असतात. सायबेरियातील जेमतेम ७ ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ ४१ वर्षे जगल्याची नोंद आहे.

येथवर वाचून आपला असा समज होईल की पक्ष्यांना म्हातारपण नसतेच. तसे नाही. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात 'कुकी' नावाचा एक काकाकुवा होता. तो २०१६ साली ८३ व्या वर्षी मरण पावला. उतारवयात त्याला हाडांची ठिसूळता व संधिवात जडला होता आणि २००९ पासून त्याला प्रेक्षकांसमोर ठेवणेही बंद केले होते. म्हणजे नेमके आपल्यासारखेच! आर्क्टिक समुद्रात बुड्या मारून मासे पकडणाऱ्या मर जातीच्या पक्ष्यांचा अभ्यास तर फारच बोलका आहे. वयाबरोबर त्यांच्या चयापचयाचा वेग उतरतो, रक्तात प्राणवायू साठवण्याची क्षमता घटते; पण वृद्ध पक्षी तरुणाइतकीच खोल व तेवढ्याच वेळाची बुडी मारताना आढळतो. आतून म्हातारा, बाहेरून नाही.

मग बाईंच्या गॅलरीत म्हातारी चिमणी का दिसत नाही? याची दोन कारणे आहेत, आणि दोन्ही मनाला फारशी सुखावणारी नाहीत. पहिले असे की, बहुतेक चिमण्या पहिले वर्षही ओलांडत नाहीत. दहा वर्षांच्या पुढे जाणारी एखादीच. दुसरे असे की, जी दुबळी झाली ती दुबळी दिसताच शिक्रा किंवा मांजर तिला उचलते. म्हणून पक्षी आपले आजारपण लपवतो. ज्यांच्या घरी पोपट किंवा लव्हबर्ड आहेत त्यांना हा अनुभव असेल. पक्षी शेवटपर्यंत खातो, बोलतो, काठीवर ताठ बसतो. पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसला तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पशुवैद्य हेच सांगतात. पक्ष्याला म्हातारे दिसणे परवडतच नाही.

आता त्या तीन आठवड्यांनंतरच्या पहाटेविषयी. बाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली, व्यवस्थित झाली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी व्हरांड्यात बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, याआधी दोनदा पडल्या होत्या. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या. तुम्हाला तर मुळीच नको."

मला तर मुळीच नको! मी दर महिन्याला त्या घरी जात होतो. दर वेळी विचारीत होतो, "बाई, कसं काय?" आणि दर वेळी उत्तर येत होते, "ठणठणीत." मी १३०/८० असा आकडा लिहून, चहा पिऊन बाहेर पडत होतो. ज्या विद्यार्थ्याचे त्यांनी एकेकाळी कान पिळले, त्याच्यापुढे 'मी तोल जाऊन पडले' हे त्या कशा बोलणार? ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. शिवाय मी रक्तदाब नेहमी त्या खुर्चीत बसलेल्या असताना मोजला. उभे करून एकदाही नाही. रुग्णालयात त्यांना आधाराने उभे करून मोजला, तेव्हा वरचा आकडा २८ ने खाली आला. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत तो २० किंवा अधिक उतरला तर त्या माणसाला चक्कर येण्याचा व पडण्याचा धोका असतो, हे मी परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालेलो आहे. त्यात भर म्हणून बाई झोपेची एक जुनी गोळी मनानेच घेत होत्या. तीही मी विचारली नव्हती, त्यांनी सांगितली नव्हती.

'शोभेल असे म्हातारपण' म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे एक विचित्र कल्पना रुजली आहे. जो कुरकुर करीत नाही, कुणाला त्रास देत नाही, ज्याच्याकडे पाहून वय कळत नाही, त्याचे म्हातारपण छान! कौतुकाने आपण म्हणतो, "आजी, तुम्ही ऐंशीच्या वाटतच नाही." आजी सुखावतात आणि त्या दिवसापासून ऐंशीच्या न वाटण्याची जबाबदारी त्यांच्या शिरावर येते. मग बरेच काही झाकले जाते. पडणे, शिंकताना कपड्यात लघवी होणे, पाठ झालेल्या रस्त्यावर क्षणभर दिशा न कळणे, दूध गॅसवर ठेवून विसरणे, एका कानाने कमी येणे. वृद्ध माणसे हे का लपवतात, हे मी आता मुद्दाम विचारू लागलो आहे. उत्तरे साधी असतात. सांगितले तर मुलगा काळजी करील, स्वयंपाकघरात जाऊ देणार नाहीत, बँकेचे व्यवहार काढून घेतील, हे घर सोडायला लावतील. ही भीती अगदीच निराधार असते, असे मला म्हणवत नाही. पडल्याचे सांगितल्यावर ज्यांचे फिरणेच बंद केले गेले, अशी माणसे मी पाहिली आहेत; आणि बसून राहिल्याने पायांतले बळ आणखी गेले, ती पुन्हा पडली.

पक्ष्यांकडून काही घ्यायचेच असेल तर त्यांची ही झाकपाक घेऊ नये. घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. पक्षी नवा दिसतो, कारण तो दर वर्षी खरोखरच नवा होतो. विणीचा हंगाम संपला की त्याची जुनी, झिजलेली पिसे झडतात व नवी येतात. पावसाळा सरताना मोर आपला पिसारा गाळतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोकणात ज्याला ककणेर म्हणतात त्या धनेशाची मादी अंडी उबवण्यासाठी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि त्या बंदिवासातच उडण्याची पिसे बदलते. तोवर नर फटीतून तिला फळे भरवीत राहतो. पिसे ही प्रथिनांची बनलेली असतात. त्यामुळे या काळात पक्ष्याला खाणे अधिक लागते, तो कमी गातो, कमी मिरवतो. बहुतेक पक्षी पंखांतली पिसे एकेक करून, दोन्ही बाजूंची सारख्या क्रमाने बदलतात, म्हणजे उडणे थांबत नाही. मोठ्या गरुडांना सगळी पिसे बदलायला एका वर्षाहूनही अधिक काळ लागतो.

गरुडाचे नाव निघालेच आहे, तर त्या गोष्टीविषयीही बोलले पाहिजे. चाळिशीत गरुड डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नखे उपटतो, पाच महिने उपाशी राहतो आणि नवा जन्म घेऊन आणखी तीस वर्षे जगतो, असा संदेश आपल्याही मोबाइलवर आला असेल. सभांतूनही ही गोष्ट मोठ्या आवेशाने सांगितली जाते. ती पूर्णपणे खोटी आहे. चोच तुटलेला गरुड उपासमारीने मरतो. त्याची चोच नखांप्रमाणे सतत वाढत आणि वापराने घासली जात असते. हा नुसता गंमतीचा विषय असता तर मी सोडून दिला असता. परंतु निवृत्तीनंतर 'नवा जन्म' घ्यायचा म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या एका दिवसात बंद करणारे, पासष्टीत अचानक दहा किलोमीटर पळायला लागणारे, महिनाभर फळांच्या रसावर राहणारे लोक माझ्याकडे येतात. येतात तेव्हा त्यांची स्थिती चांगली नसते.

एकेक पीस बदलण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण तो खरा आहे. वयाच्या चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यांना पुन्हा घडवायला दोन गोष्टी लागतात, प्रथिने व जोर. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. आता एकट्या राहणाऱ्या माणसाचे जेवण पाहा. सकाळी चहा-खारी, दुपारी आमटी-भात, रात्री 'मला काही नको, दूध-भात पुरे'. यातून निम्मीसुद्धा मिळत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८. उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर मासे, हे दोन्ही जेवणांत असावे. आणि जोर म्हणजे नुसते चालणे नव्हे. हात न टेकता खुर्चीतून उठणे व बसणे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणे. शाकाहारी मंडळींनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ ची तपासणीही करून घ्यावी. त्याच्या कमतरतेने पाय बधिर होतात, तोल जातो.

कानांच्या बाबतीत मात्र पक्ष्यांची बरोबरी आपल्याला करता येत नाही. अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी नष्ट झाल्या तर पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात. हे १९८० च्या दशकात लक्षात आले. जर्मनीतील संशोधकांनी गव्हाणी घुबडांची श्रवणशक्ती तपासली, तेव्हा वृद्ध घुबडेही जवळजवळ तरुणांइतकीच चांगली ऐकत होती. माणसाच्या केसपेशी गेल्या की गेल्या. पण आपल्याकडे श्रवणयंत्र आहे, आणि तेच आपण नाकारतो. चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही, यंत्राची वाटते! कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून उठतो, मग समारंभांतून. मध्यमवयातील बहिरेपणाची गणना आता स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत होते. पक्ष्याला मिळालेले वरदान आपल्याला पेठेतल्या दुकानात मिळत असताना लाजायचे कशासाठी?

घरातील तरुण मंडळींना एक सांगायचे आहे. 'आई, बरी आहेस ना?' हा प्रश्न विचारूच नका, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. 'या महिन्यात कुठे तोल गेला का? काही धरावं लागलं का?' असे विचारा. ब्लाउज सैल झाला आहे का, पट्ट्याला नवे भोक पाडले आहे का, ते पाहा. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात प्रयत्न न करता वजन वीसात एक या प्रमाणात, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, उतरले असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि एक सोपी चाचणी घरीच करा. हातांच्या खुर्चीवर बसायचे, उठून ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका आहे. कुणीतरी शेजारी उभे राहूनच ती करावी. मात्र उत्तर खरे आले म्हणून लगेच घराच्या किल्ल्या आणि फिरणे काढून घेऊ नका. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्रीचा दिवा ठेवा, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नाही तर पुढच्या वेळी तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

बाई आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. झोपेची गोळी बंद झाली, रक्तदाबाची बदलली. खुर्ची ते दार असे बरोबर ३ मीटर त्यांनी टेपने मोजून घेतले असून फरशीवर खडूची खूण केली आहे. मावशी शेजारी उभ्या राहतात आणि जुन्या हजेरीपटासारख्या वहीत रोजचा आकडा लिहिला जातो. सुरुवातीला ३१ सेकंद होते, मागच्या रविवारी १५ झाले. मी वही पाहत होतो, तेव्हा बाजरी टाकून झाल्यावर गॅलरीच्या कठड्याला धरून त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि हे लिहून घे. गुरुवारी रात्री उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पडले नाही. पण आली होती."

मी पट्टा काढला आणि त्यांना उभे राहायला सांगितले.